लक्ष लागायला जागा लागते

बडोद्यात मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे. वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत उतरावा म्हणून पोलादी मांडण्यांच्या मधे जाड काचेच्या लाद्या बसवल्या आहेत. पुस्तक शोधणाऱ्याला उजेड मिळाला पाहिजे, एवढाच साधा विचार त्यामागे आहे. पण हा विचार करण्याची जबाबदारी वाचणाऱ्यावर टाकलेली नाही, बांधणाऱ्याने ती स्वतःकडे घेतली, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

सयाजीराव महाराजांनी अमरेली भागातल्या काही गावांत १८९३ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ते संपूर्ण संस्थानाला लागू केलं. मग प्रश्न आला की शाळा सुटल्यावर शिकलेली अक्षरं टिकायची कशी? त्यासाठी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं. तीन वर्षांत त्याने ग्रंथालयांची एक पूर्ण रचना उभी करून दिली. शहरात मोठं ग्रंथालय, त्यात बायकांचा आणि मुलांचा वेगळा विभाग, गावोगाव वाचनालयं आणि जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांनी भरलेल्या फिरत्या पेट्या. गावकऱ्यांनी काही रक्कम उभी करायची, तेवढीच स्थानिक मंडळाने घालायची आणि तेवढीच सरकारने, असा हिशोब होता. ‘वाचनाची सवय लावून घ्या’ असं फर्मान काढून महाराज थांबले असते, तर त्या फर्मानाचं काय झालं असतं ते सांगायला नको. त्यांनी पुस्तक गावात नेऊन ठेवलं.

आज आपण नेमकं उलटं करतो आहोत. नोकरी करणारा तरुण, परीक्षेला बसलेली मुलगी, घरातून काम करणारी बाई, छोटा धंदा सांभाळणारा माणूस, या सगळ्यांना एकच सांगितलं जातं: स्वतःला शिस्त लाव. पहाटे पाचला ऊठ, यादी कर, मोबाइल लांब ठेव, चांगल्या सवयी लाव म्हणजे दुप्पट काम होईल. सल्ले सगळेच चुकीचे नाहीत. पण ते ज्याला दिले जातात तो कुठे बसतो, किती तापमानात बसतो, त्याच्या कानावर काय पडतं आणि त्याला किती वेळा हाक मारली जाते, हे कोणी विचारत नाही. माझं म्हणणं असं आहे की काम नीट होणं हा निम्म्याहून अधिक व्यवस्थेचा प्रश्न आहे. ती व्यवस्था घराने, कचेरीने आणि शहराने करायची असते. एकट्या माणसाच्या निश्चयावर ती सोपवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

मी स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या मुलामुलींना गणित शिकवते. तलाठी, बँक, रेल्वे, जीपीएससी म्हणजे गुजरातचा लोकसेवा आयोग, ज्याला जे जमेल ते. आळशी मुलं मी फार थोडी पाहिली. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही, आजोबांचा खोकला, धाकट्या भावाचा क्लास आणि खालच्या दुकानातलं ग्राइंडर या सगळ्यांच्या मधे बसून टक्केवारीची गणितं सोडवणारी मुलं मात्र खूप पाहिली. आणि ही मुलं मला येऊन म्हणतात, ‘ताई, माझंच मन लागत नाही.’ दोष स्वतःकडे घ्यायला ती इतक्या लहान वयात शिकली आहेत, याचं मला फार वाईट वाटतं.

मनोनिग्रहाबद्दलचं शास्त्र गेल्या काही वर्षांत बरंच बदललं आहे. रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये असं मांडलं की मनोबळ खर्च होत जातं आणि संपतं. ही कल्पना अतिशय लोकप्रिय झाली, तिच्यावर व्याख्यानं झाली, शिबिरं झाली. २०१६ मध्ये वीसहून अधिक प्रयोगशाळांनी, दोन हजारांहून जास्त लोकांना घेऊन ती कल्पना पुन्हा तपासली, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. मनोबळ नावाची वस्तू मोजता येते, साठवता येते आणि वाढवता येते, या समजुतीवर उभ्या असलेल्या उपदेशाचा पायाच त्यामुळे डळमळला.

त्या मानाने सवयीबद्दलचं काम जास्त भरवशाचं वाटतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक छोटी सवय निवडायला सांगितली, आणि ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडायला लावली, उदाहरणार्थ न्याहारीनंतर. ती आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले. पण माणसामाणसांत फरक प्रचंड होता: कोणाला १८ दिवस पुरे, तर कोणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. ‘२१ दिवसांत सवय’ हे जे सर्रास ऐकू येतं, त्याला आधार नाही. याच अभ्यासात असंही दिसलं की एखादा दिवस चुकला तर सवय मोडत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे वाक्य पुन्हा पुन्हा सांगते, कारण एक दिवस चुकला की सगळं सोडून देणारी मुलं जास्त असतात.

यातली कळीची गोष्ट म्हणजे ‘न्याहारीनंतर’. सवय एखाद्या वेळेला, जागेला, आधीच्या कृतीला टेकून उभी राहते. बडोद्याला हे नवं नाही. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकराव मुलांना घडवत होते, तेव्हा तिथे ठरलेली वेळ होती, ठरलेली जागा होती, शेजारी घाम गाळणारा दुसरा होता आणि बघणारे वस्ताद होते. मुलगा आला नाही तर विचारणारं कोणी होतं. संस्थानाची गायनशाळा १८८६ मध्ये गायक मौलाबक्षांच्या देखरेखीखाली सुरू झाली, तिथेही रियाज हा एकट्याच्या मर्जीवर सोडलेला नव्हता. तालमीला जाणारा मुलगा पहाटे उठतो ते त्याच्या निश्चयाच्या बळावर, असं आपण मानतो. खरं तर त्याला तालीम उठवते. तीच तालीम बंद पडू द्या, तोच मुलगा आठवड्यात सातला उठायला लागेल, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

आता परिस्थितीकडे येते. इथे आपल्याकडे, म्हणजे उष्ण आणि गोंगाटाच्या देशांत, गेल्या दहा-पंधरा वर्षांत जे अभ्यास झाले ते वाचून माझी मतं पक्की होत गेली.

पहिला सुरतेचा, आपल्या शेजारचा. अर्थशास्त्रज्ञ ई. सोमनाथन, रोहिणी सोमनाथन, अनंत सुदर्शन आणि मीनू तेवारी यांनी सुरतेचे विणकर कारखाने, दिल्ली परिसरातले तयार कपड्यांचे कारखाने आणि भिलाईचा पोलाद कारखाना अशा ठिकाणच्या रोजच्या उत्पादनाची तापमानाशी तुलना केली. गरम दिवसांत माणसामागे काम कमी होतं. देशभरातल्या कारखान्यांच्या आकडेवारीत वर्षाचं तापमान एका अंशाने वाढलं तर उत्पादन साधारण २ टक्क्यांनी घटतं, असं त्यांना दिसलं. हे सगळे कामगार मे महिन्यात अचानक आळशी होतात, असं म्हणायला कोणी धजावणार आहे का? मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याखाली लेथवर उभा असलेला माणूस मे महिन्यात संध्याकाळी चुका करतो, तेव्हा त्याच्या हजेरीपत्रकावर लाल शेरा मारण्याआधी मालकाने छपराकडे बघावं.

बंगळूरच्या कपडे कारखान्यांतला दुसरा अभ्यास मला त्याहून आशादायक वाटतो. तिथे वीज वाचवण्यासाठी जुने दिवे काढून एलईडी बसवले. एलईडी कमी तापतात, त्यामुळे शिवणयंत्रांच्या रांगांत उष्णता कमी झाली आणि गरम दिवसांतलं उत्पादन वाढलं. कोणालाही प्रेरणादायी भाषण द्यावं लागलं नाही. दिवा बदलला.

तिसरा अभ्यास नैरोबीचा. तिथे अर्थशास्त्रज्ञ जोशुआ डीन यांनी शिवणकाम शिकणाऱ्या लोकांना आवाजाच्या आणि शांततेच्या जागी बसवून बघितलं. आवाज १० डेसिबलने वाढला की काम सुमारे ५ टक्क्यांनी कमी होतं. याहून महत्त्वाचं असं की आवाजामुळे आपलं नुकसान होतंय हे लोकांना उमगत नव्हतं. कामावर पैसे मिळणार असतानाही शांत जागेसाठी ते जास्त मोजायला तयार नव्हते. ‘आम्हाला सवय झालीय गोंगाटाची’ असं रावपुऱ्यात दुकानाच्या माडीवर राहणारा माणूस म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नाही. त्याला खरंच तसं वाटतं. नुकसान मात्र होतच राहतं.

आणि चौथा चेन्नईचा, जो वाचून बडोद्याच्या कोणत्याही जुन्या दुकानदाराला आनंद होईल. डेटा एंट्री करणाऱ्या शहरी गरीब लोकांची झोप मोजली, तेव्हा ती रात्री साडेपाच तासांच्या आसपास भरली. संशोधकांनी काहींना रात्रीच्या झोपेसाठी मदत दिली: डोळ्यांवरच्या पट्ट्या, कानातले बोळे, पंखे, गाद्या. रात्रीची झोप जवळपास अर्ध्या तासाने वाढली, पण कामात फरक पडला नाही. कारण घर तेच होतं. झोप पुन्हा पुन्हा मोडत होती. दुसऱ्या काही जणांना दुपारी कामाच्याच ठिकाणी शांत, बऱ्यापैकी आरामाच्या जागी अर्धा तास झोपू दिलं. त्यांचं काम सुधारलं, लक्ष सुधारलं, मनःस्थितीही सुधारली. दुपारी एक ते चार फळ्या लावून वामकुक्षी घेणाऱ्या बडोद्याच्या पेढ्यांना बाहेरगावचे लोक नावं ठेवत आले आहेत. त्या पेढ्यांकडे एक शहाणपण होतं, आणि ते आता आपण मॉलच्या वेळापत्रकासाठी सोडून देत आहोत.

आक्षेप ठरलेला आहे, आणि तो मी कितीतरी पालकांकडून ऐकला आहे. ‘बाबासाहेब आंबेडकर चाळीत शिकले. त्यांना कुठे होती शांत खोली? इच्छा असली की सगळं होतं.’ या उदाहरणाचा मला मनापासून आदर आहे, म्हणूनच ते नीट पाहावं असं वाटतं.

परळच्या त्या एका खोलीत दिवसा अभ्यास अशक्यच होता. म्हणून वडील रामजी सकपाळ स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मुलाला उठवत आणि मग झोपत. म्हणजे जागा नव्हती तिथे बापाने आपली झोप देऊन वेळ तयार केली. ही व्यवस्थाच होती, आणि तिची किंमत घरातल्या दुसऱ्या माणसाने चुकवली. पुढे सयाजीरावांची शिष्यवृत्ती मिळाली, कोलंबिया विद्यापीठाचं ग्रंथालय मिळालं, लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमची वाचनशाला मिळाली. सकाळी दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत तिथे बसण्याची त्यांची ख्याती आहे. तिथे बसू देणारं कोणीतरी होतं.

आणि मग बडोदं. शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे नोकरी करायला बाबासाहेब १९१७ मध्ये इथे आले. राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावं लागलं. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या, अडगळीने भरलेल्या दालनात ते एकटेच. वीज नाही. मिळाला तो एक छोटा कंदील, ज्याचा उजेड काही इंचांपलीकडे पोचत नव्हता. त्या उजेडात ते वाचायचा प्रयत्न करत, आणि दालनात घर केलेली वटवाघळं त्यांचं चित्त विचलित करत. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तिथून बाहेर काढलं. गावात दुसरीकडे कुठेही आसरा मिळाला नाही, तेव्हा मुंबईची गाडी येईपर्यंत ते कमाठी बागेत बसून राहिले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

जगातल्या उत्तम वाचकांपैकी एक माणूस, जगातलं उत्तम शिक्षण घेऊन, काम करायला या शहरात आला होता. त्याच्या निश्चयात, सवयींत, शिस्तीत काय कमी होतं? हेच शहर त्या वेळी ग्रंथालयांसाठी देशभर नावाजलं जात होतं. तरीही या माणसाला इथे काम करता आलं नाही, कारण जागा नाकारण्यात आली. जातीने नाकारली. म्हणून ‘बाबासाहेबांनी केलं, तुम्हीही करा’ असं म्हणणाऱ्याने बडोद्यातले ते अकरा दिवस आठवावेत. जागा सगळ्यांना सारखी उघडी आहे का, हा प्रश्न इमारत बांधून संपत नाही, हेही त्यातूनच दिसतं.

बायकांच्या बाबतीत तो प्रश्न आजही रोज समोर येतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. त्यातही मुळात ही कामं करणाऱ्या पुरुषांचं प्रमाणच २६ टक्के होतं, बायकांचं ८१. २०२४ च्या सर्वेक्षणात बायकांची मिनिटं २८९ झाली. पाच वर्षांत दहा मिनिटं. पण मिनिटांपेक्षा मला त्यांची मांडणी जास्त खुपते. ही पाच तासांची कामं एका जागी, एका वेळी होत नाहीत. ती दिवसभर पसरलेली असतात: दूध, कुकर, डबा, दारावरचा माणूस, सासूबाईंची गोळी, मुलाचा गृहपाठ. त्यामुळे उरलेला वेळ जरी तीन तासांचा भरला, तरी तो दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत हाती येतो.

तुकड्यातला वेळ म्हणजे काय, हेही अभ्यासलं गेलं आहे. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एका कामातून दुसऱ्याकडे वळलं तरी मनाचा काही भाग पहिल्याच कामात अडकून राहतो, आणि पहिलं अर्धवट सोडलेलं असेल तर जास्तच. ग्लोरिया मार्क यांच्या निरीक्षणांत २००४ च्या सुमारास माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता, अलीकडे तो वेळ ४७ सेकंदांवर आला. शहरातल्या वाडी भागातली माझी एक विद्यार्थिनी लग्नानंतर पुन्हा परीक्षेला बसली. ती म्हणाली, ‘ताई, पुस्तक उघडलं की कोणीतरी हाक मारतंच.’ तिला वेळेच्या नियोजनाचं ज्ञान मी काय देणार? घरातल्या सगळ्यांनी संध्याकाळी सात ते नऊ तिला हाक मारायची नाही, एवढं तिने सासूबाईंशी बोलून ठरवलं. जेवण त्या वेळात नवऱ्याने बघायचं. घरातल्या तीन माणसांनी सवय बदलली, तेव्हा तिची सवय लागली. असे बोलून ठरवता येणारे सासर सगळ्यांना मिळत नाही, हे मला ठाऊक आहे.

कचेऱ्यांची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिथे उपाय अवघड नाहीत, फक्त साहेबांना नको असतात. सगळ्यांना एका दालनात बसवलं की लोक एकमेकांशी जास्त बोलतील, काम वेगाने होईल, असं मानलं गेलं. बर्नस्टीन आणि टर्बन यांनी २०१८ मध्ये दोन कंपन्यांत, भिंती काढण्याआधी आणि नंतर, मोजून पाहिलं. समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. माणसं हेडफोन लावून स्वतःभोवती भिंती उभारतात. त्यात रात्री अकरापर्यंत चालणारा साहेबांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, जिथे पाच मिनिटांत ‘ओके सर’ आलं नाही तर दुसऱ्या दिवशी चेहरा पडतो. अशा कचेरीने कर्मचाऱ्यांसाठी ‘वेळेचं व्यवस्थापन’ या विषयावर वक्ता बोलावणं मला अप्रामाणिक वाटतं. सकाळचे दोन तास बैठक नाही, फोन नाही, संध्याकाळी सातनंतर ग्रुप बंद, हे एका परिपत्रकाने होऊ शकतं. ते परिपत्रक आधी काढा.

म्हणजे माणसाच्या हातात काहीच नाही का? आहे, आणि मी ते नाकारत नाही. मोबाइल आपल्या खिशात असतो, तो महापालिकेने ठेवलेला नाही. पण इथेही उपयोगी पडतं ते वस्तूंची मांडामांड बदलणं. अभ्यासाला बसताना फोन दुसऱ्या खोलीत, शक्यतो घरातल्या दुसऱ्या कोणाच्या ताब्यात. उद्याचं पहिलं काम आज रात्रीच टेबलावर उघडून ठेवलेलं. ‘उद्या अभ्यास करीन’ ऐवजी ‘उद्या चहा झाल्यावर खिडकीजवळ बसून सरळव्याजाची दहा गणितं’. पीटर गोल्विट्झर यांनी अशा ‘केव्हा, कुठे, काय’ ठरवलेल्या बेतांचा बराच अभ्यास केला आहे, आणि नुसत्या इच्छेपेक्षा असे बेत जास्त पार पडतात. रोपाला ऊन लागत नसेल तर आपण कुंडी हलवतो, रोपाला बोलत नाही. स्वतःशीही तसंच वागावं. पण कुंडी हलवायला गच्ची हवी. ती नाही अशा माणसांची संख्या या शहरात मोठी आहे.

त्यांच्यापैकी ज्यांना परवडतं ते खाजगी रीडिंग रूममध्ये जातात. फतेगंज, सयाजीगंज, कारेलीबागेत अशा खोल्या जागोजागी निघाल्या आहेत: प्लायवूडच्या आडभिंती, एक खुर्ची, एक दिवा, एसी आणि महिन्याची फी. त्या चालवणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, त्यांनी गरज ओळखली. पण शांतता ही विकत घ्यायची वस्तू झाली की ज्याला तिची सगळ्यात जास्त गरज आहे तोच बाहेर राहतो. रिक्षा चालवणाऱ्याच्या मुलीला ती फी म्हणजे घरातला किराणा आहे. आणि फी जमली तरी रात्री नऊला तिथून एकटीने परत कसं यायचं, हा प्रश्न उरतोच.

म्हणून माझी मागणी शहराकडे आहे. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा बडोद्याच्या जवळपास प्रत्येक भागात आहेत. संध्याकाळनंतर त्यांच्या खोल्या कुलुपात असतात. प्रत्येक वॉर्डात अशा एका शाळेच्या दोन खोल्या सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते रात्री दहा अभ्यासिका म्हणून उघडाव्यात. बाक आहेत, वीज आहे, भिंती आहेत. लागतील ते चांगले दिवे, पंखे, पिण्याचं पाणी, स्वच्छ संडास आणि एक देखरेखीचा माणूस. एक खोली मुलींसाठी राखलेली, आणि त्या वेळेत शाळेबाहेरचा रस्ता उजेडाचा. घरापासून चालत दहा मिनिटांवर असेल तर आईबाप मुलीला पाठवतील, मांडवीपर्यंत रात्री पाठवणार नाहीत. खर्चाचा प्रश्न आला तर संस्थानाचा जुना हिशोब समोर आहेच: थोडं वस्तीने, थोडं महापालिकेने, थोडं राज्याने. बडोद्यातल्या मराठी मंडळांनी, गणेशोत्सव मंडळांनी आपल्या भागातल्या अभ्यासिकेच्या पंख्या-दिव्यांचा वाटा उचलला तर वर्गणी देणाऱ्या कोणाचीही हरकत असेल असं मला वाटत नाही.

गणेशोत्सवाचं नाव निघालंच आहे तर आवाजाचंही बोलते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणांसाठी राज्य सरकारला वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. शाळा, इस्पितळं, न्यायालयं यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र धरता येतो. गरबा आपल्या शहराचा जीव आहे, तो गेला पाहिजे असं मी कधीही म्हणणार नाही. पण वरघोड्याचा, म्हणजे लग्नाच्या वरातीचा, डीजे रात्री साडेअकराला पोळीच्या (जुन्या वस्तीतल्या गल्लीच्या) तोंडाशी अर्धा तास थांबतो, तो या नियमांत कुठेच बसत नाही. पोलिसांना फोन केला की ‘लग्न आहे, थोडं सांभाळून घ्या’ असं उत्तर मिळतं. त्या पोळीत दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा असलेली किती मुलं झोपलेली असतात, हे मोजायची पद्धत आपल्याकडे नाही, पण त्यांचे निकाल मात्र आपण मोजतो.

महापालिकेच्या अंदाजपत्रकावर दरवर्षी नागरिकांच्या सूचना मागवल्या जातात. रस्ते, गटारं, पाणी, उद्यानं यांच्याबद्दल लोक लिहितात, आणि लिहिलंच पाहिजे. या वेळी वॉर्डातल्या अभ्यासिकेबद्दलही लिहावं: कोणती शाळा, कोणत्या दोन खोल्या, कोणत्या वेळी. मी माझ्या भागासाठी लिहिलं आहे आणि नगरसेवकांनाही त्याची एक प्रत दिली आहे. माझ्या वर्गातल्या पालकांनीही सह्या केल्या. त्यातले बरेच जण आधी म्हणत होते की मुलांनाच मन लावायला नको असतं.